तारेची उलटी सावली

१

लिओनी नोस्के रोज सकाळी साडेआठला खोलीचे पडदे ओढून घ्यायची आणि लोकांच्या काळजात डोकवायला बसायची. हे अलंकारिक बोलणं नव्हे, तिचं कामच ते होतं. ॲडलेडमधल्या त्या दुमजली इमारतीत सिडनी, होबार्ट, ऑकलंड, सुवा अशा ठिकाणच्या इस्पितळांतून वैद्यकीय अभ्यासांसाठी हृदयाच्या धमन्यांचे स्कॅन यायचे, आणि लिओनी व तिच्या शेजारी बसणारी वूला मॅन्डिस ते वाचायच्या.

वाचायच्या म्हणजे काय, तर शेवईच्या जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, मनगटातून थेट हृदयाच्या धमनीत सरकवतात. त्याच्या टोकाशी बारीकसा दिवा. औषध सोडून क्षणभर रक्त बाजूला सारायचं आणि दिवा सरसर मागे ओढायचा. तीन सेकंदांत पाचशे चित्रं निघतात, काकडीच्या चकत्या कराव्यात तशी. चकतीच्या मधोमध दिवा. त्याच्या शेजारी एक पांढरा ठिपका, म्हणजे ज्या तारेवरून कॅथेटर आत गेला ती गाईड वायर. तारेतून उजेड आरपार जात नाही, म्हणून तिच्या पाठीमागे थेट धमनीच्या भिंतीपर्यंत एक काळी पाचर उमटते. ही तारेची सावली. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

स्कॅनवर फक्त आकडा असे. माणसाचं नाव नाही, वय नाही, पुढे त्याचं काय झालं तेही नाही. ती यादी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मेरेडिथ पास्को यांच्या कुलपात. वाचणाऱ्याला माणूस कळला की डोळा बिघडतो, म्हणून हा दंडक. त्या धंद्यात त्याला आंधळं वाचन म्हणतात. सव्वीस वर्षांत लिओनीनं तो एकदाही मोडला नव्हता आणि तिला त्याचा थोडा ताठाही होता.

अलीकडे पहिलं वाचन संगणक करायचा. भिंतीची रेघ तो काढणार, चरबी कुठे, चुना कुठे ते रंगवणार, आणि सावलीवर राखाडी पट्टी मारून टाकणार, म्हणजे डॉक्टरांचं लक्ष तिकडे जायला नको. या दोघींनी त्याच्या चुका सुधारायच्या. सुधारलेलं सगळं शुक्रवारी त्याच्या पोटात जायचं आणि सोमवारी तो थोडा शहाणा होऊन यायचा. वूलानं त्याचं नाव ठेवलं होतं पापू. ग्रीक लोक आजोबांना पापू म्हणतात. "आमचे पापूही असेच," ती म्हणायची. "आधी स्वतःचंच घोडं दामटायचे, मग आजीनं चार वेळा सांगितलं की गुमान ऐकायचे."

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, दोनशे अकराव्या चित्रात, पापूनं पट्टी भलत्याच जागी मारली. तारेच्या मागे न मारता पुढे मारली, तार आणि दिवा यांच्या मधे. लिओनीनं पट्टी काढून खालचं चित्र पाहिलं. काळी पाचर खरोखरच तिथे होती. तारेपासून निघून ती दिव्याकडे तोंड करून पडली होती.

असं होत नसतं. कंदील घेऊन खांबापाशी उभं राहिलं तर खांबाची सावली पलीकडे पडते, आपल्या अंगावर नाही. चित्र बिघडलं, म्हणत लिओनीनं दोन टिचक्यांत पाचर उलटवली, कारणाच्या रकान्यात 'भास' लिहिलं आणि चहा आणायला उठली.

२

पुढच्या आठवड्यात तसे आणखी दोन निघाले. मग तीन. इस्पितळं वेगळी, यंत्रं वेगळी. प्रत्येक स्कॅनमध्ये पाचसहाच चित्रं तशी असायची, मागची पुढची सगळी सरळ. लिओनी पाचर उलटवायची, 'भास' लिहायची आणि पुढे जायची. हाताला सवय लागली की डोकं मधे येत नाही.

सहाव्यांदा मात्र तिनं वूलाला हाक मारली.

"हे बघ गं जरा."

वूला खुर्ची घसटत आली. तोंडात बिस्किट होतं. "यात काय बघायचं? घडी पडलीय चित्राची."

"घडी पडली असती तर भिंतही उलटली असती. भिंत बघ, सरळ आहे."

"मग उजेड कुठेतरी आपटून परत आला."

"आपटून आलेला उजेड एवढी काळी सावली पाडतो?"

"मग काय, बाई, पलीकडून कोणीतरी बॅटरी मारतंय!" वूला हसली आणि बिस्किटाचे कण लिओनीच्या बाहीवर उडाले. "उलटव आणि जेवायला चल. त्या आकड्याला काही फरक पडत नाही."

लिओनीनं उलटवली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. वूला गमतीत बोलली होती, तरी दुसरं कुठलं कारण बसतही नव्हतं. उलटी सावली पडायला तारेच्या पलीकडे दुसरा दिवा पाहिजे, आणि तारेच्या पलीकडे होती धमनीची भिंत. भिंतीच्या मागे माणसाचं हृदय. तिथे दिवा कुठून येणार? लिओनीनं स्वतःलाच दटावलं. चष्म्याचा नंबर बदलून घेतला. तंत्रज्ञांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की यंत्रं ठणठणीत आहेत. तिनं पेनानं एका चिठ्ठीवर, आधीच्या सहांसकट, त्या स्कॅनचे आकडे टिपायला सुरुवात केली आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नाताळापर्यंत चिठ्ठीवर अकरा आकडे झाले. मग उलट्या सावल्या यायच्या थांबल्या.

"शिकला बरं का पापू," वूला म्हणाली. "बघ, आता सावली दिसली की डोळे मिटून बाहेरच्या अंगालाच पट्टी मारतो. तुझी शिकवणी फळली."

लिओनीला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं ते असं, की घरातलं कोणीतरी इतके दिवस काहीतरी सांगत होतं, आपण दर वेळी त्याला गप्प बसवलं, आणि आता ते खरंच गप्प बसलंय. असल्या विचारांना तिच्या धंद्यात जागा नव्हती. तिनं तो विचार झटकला आणि ती सुट्टीवर गेली.

३

लिओनीला जवळचं असं एकच माणूस होतं, तिचा थोरला भाऊ क्लेम. वय एकसष्ट, लग्न केलं नाही. द्राक्षमळ्यांच्या टनुंडा गावात आईवडिलांच्या मागे राहिलेल्या छोट्या घरात तो राहायचा आणि हंगामात द्राक्षं तोडायचं भलंथोरलं यंत्र चालवायचा. लिओनीचा नवरा पर्थला निघून गेला तेव्हा क्लेम ट्रक घेऊन आला होता, तिचं सामान त्यानं एकट्यानं उतरवलं होतं आणि त्या माणसाबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तेवढ्यासाठी ती त्याला जन्मभर विसरणार नव्हती.

जानेवारीत क्लेमच्या छातीत दुखलं. डॉक्टर पास्को आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या इस्पितळात असत. लिओनीच्या शब्दाखातर त्यांनी स्वतः क्लेमचा स्कॅन केला. तिथे आता पापूच टेबलाशेजारी बसून तिथल्या तिथे निकाल द्यायचा. क्लेमला त्यानं हिरवा निकाल दिला. धमन्या स्वच्छ, स्टेंट नको, गोळ्या घ्या आणि घरी जा.

रविवारी लिओनी त्याच्याकडे जेवायला गेली. बाहेर बेचाळीस अंश ऊन. क्लेमनं जाड पाव कापला, धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या मांडल्या, शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याची बरणी उघडली. भूक अशी लागली होती की दोन दिवस उपाशी असल्यासारखा जेवत होता.

"पास झालो बघ," तो म्हणाला. "शाळेत कधी झालो नाही, तो आत्ता झालो. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं हिरवा शेरा दिला."

"दम लागतो का अजून?"

"नाही. म्हणजे रात्री आडवा झालो की जरासं वाटतं."

"काय वाटतं?"

क्लेमनं चाकू खाली ठेवला आणि छातीवर हात फिरवला. "हसशील. डोळे मिटले तरी अंधार होत नाही पुरता. पडद्याआड कोणी दिवा ठेवल्यासारखं. गोळ्यांनी होत असेल."

लिओनी हसली नाही.

"अगं बये, तोंड कशाला पाडतेस?" क्लेम म्हणाला. "यंत्राला तूच शिकवलंस ना? मग झालं तर. बहिणीनं शिकवलेलं यंत्र भावाला फसवेल होय?"

लिओनीनं पाण्याचा अख्खा ग्लास रिकामा केला. हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. मग क्लेम त्या उंच यंत्रावर एकटा बसून कोसभर लांब ओळींतून जाणार होता, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नसणार होतं.

४

सोमवारी सकाळी तिनं पर्समधून चिठ्ठी काढली आणि डॉक्टर पास्कोंच्या खोलीत गेली. या बाई मूळच्या खाणकामगारांच्या घरातल्या, बोलायला रोखठोक, आणि नियमाला लिओनीपेक्षाही पक्क्या.

"डॉक्टर, मला या अकरा माणसांचं पुढे काय झालं ते हवंय."

"डोकं ठिकाणावर आहे का, लिओनी? वाचणाऱ्यानं विचारायचंच नसतं ते. उद्या अख्खा अभ्यास बाद होईल."

"तुम्ही सांगू नका. नुसती चिठ्ठी बघा."

पास्कोंनी चिठ्ठी घेतली. पहिल्या दोन आकड्यांवर त्यांचे डोळे नेहमीसारखे फिरले. तिसऱ्यावर थांबले. मग त्या उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि परत बसल्या तेव्हा त्यांचा आवाज निराळा झाला होता.

"हे तुला कोणी दिलं?"

"कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस. ही यादी माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. कपाट कोणी उघडलं? त्या ग्रीक बाईनं?"

"कसली यादी, डॉक्टर?"

पास्कोंनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मग लिओनीलाच कळलं.

"सगळे गेले?" तिनं विचारलं.

"घरी. झोपेत, खुर्चीत, एक जण बागेत. कोणीच महिना ओलांडला नाही." पास्कोंनी चिठ्ठी पालथी घातली, जणू ती वाचता आली नाही तर बरं. "शवविच्छेदनात काहीही सापडलं नाही. धमन्या तरुण पोरांसारख्या. साडेचारशे स्कॅनमध्ये ही अशी अकराच माणसं आहेत, आणि ती तू एका चिठ्ठीवर लिहून आणलीस. आता सांग, कुठून आणलीस?"

लिओनीनं सांगितलं. सावली, पाचर, 'भास', सगळं. सांगताना तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटत होती. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, आणि सावल्यांच्या गोष्टी सांगत बसलीय.

"यंत्राला दिसत होतं," ती शेवटी म्हणाली. "अकराच्या अकरा वेळा त्यानं दाखवलं. मीच खोडत गेले. आता ते दाखवत नाही."

"मी सावलीबिवली मानत नाही."

"मीही मानत नाही. पण ही माणसं आधी कळली असती तर तुम्ही घरी पाठवली असतीत का?"

"नाही," पास्को हळूच म्हणाल्या. "इथे ठेवली असती. मॉनिटर लावून, माझ्या नजरेसमोर. हृदय थांबलं तर पुन्हा चालू करता येतं, पण शेजारी कोणी असलं तर."

"मग मला क्लेमचा स्कॅन द्या."

आंधळ्या वाचनाचा दंडक लिओनीनं त्या दिवशी मोडला. पास्कोंनी तो तिला मोडू दिला.

५

स्कॅन उघडताना वूला शेजारी बसली होती. लिओनीनं सगळं सांगितल्यापासून तिच्या तोंडून एकही विनोद निघाला नव्हता, आणि तेच जास्त भेसूर वाटत होतं.

वरवर पाहता क्लेमची धमनी देखणी होती. गोल, गुळगुळीत, भिंत पातळ. तारेच्या बाहेरच्या अंगाला पापूची राखाडी पट्टी शिस्तीत पडलेली. पाचशे चित्रांत पाचशे पट्ट्या.

"सरळ आहे गं," वूला म्हणाली. "बघ, सगळं सरळ आहे. उगीच जीव टांगणीला लावलास."

"पट्टी काढते."

तिनं पट्ट्या काढल्या. पट्टीखाली सावली नव्हतीच. तिथे भिंत लख्ख उजळलेली दिसत होती, थराथरासकट. पापूनं नसलेल्या सावलीवर पट्टी मारली होती, कारण सावली तिथेच असते असं त्याला शिकवलं होतं.

काळी पाचर आतल्या बाजूला होती.

अकरा माणसांच्या स्कॅनमध्ये ती पाचसहा चित्रांपुरती होती. लिओनीनं पहिल्या चित्रापासून एकेक पुढे सरकवायला सुरुवात केली. दहावं. पन्नासावं. दोनशेवं. एकही चित्र सरळ नव्हतं. वूलानं माऊस आपल्या हातात घेतला.

"थांब," लिओनी म्हणाली. "रुंदी बघ."

"कसली?"

"पाचरीची. पहिल्या चित्रात किती बारीक होती, आणि इथे किती रुंद आहे."

दोघींनाही त्याचा अर्थ सांगावा लागणार नव्हता. दिवा लांब असला की सावली अरुंद पडते, जवळ आला की फाकते. आपला दिवा तीन सेकंदांत मागे ओढला गेला होता, आणि त्या तीन सेकंदांत पलीकडचा उजेड त्याच्या मागोमाग जवळ जवळ आला होता. शेवटच्या चित्रांत तर पाचर इतकी पसरली होती की तिनं आपला दिवाच झाकून टाकला होता. कोणाला नीट बघायचं असलं की तो असा बत्ती घेऊन वाकतो.

वूलानं उजव्या हाताची तीन बोटं जुळवून घाईघाईनं छातीवर क्रूस केला. "बंद कर," ती म्हणाली. "लिओनी, बंद कर ते. माझ्या देखत नको."

लिओनीनं खिडकीचे पडदे उघडले. रस्त्यावर रणरणतं ऊन होतं, समोरच्या बेकरीतून माणसं गरम पॅटिस घेऊन बाहेर पडत होती, कोणीतरी गाडी मागे घेताना हॉर्न वाजवत होतं. हे सगळं खरं आहे, तिनं स्वतःला सांगितलं. आणि ते दुसरंही खरं असलं तर दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, हे तिला काही केल्या जुळवता येईना. क्लेमच्या स्कॅनला तो दिवस सहावा होता.

६

"चित्र हललं होतं, पुन्हा काढायचंय," असं तिनं क्लेमला फोनवर सांगितलं. तो कुरकुरला. हंगाम तोंडावर आलाय, यंत्राचं तेल बदलायचंय, तुम्हा शिकलेल्या लोकांना एकदा काम धड जमत नाही का. पण गुरुवारी अकराला तो इस्पितळात हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून.

स्कॅनच्या खोलीत तो टेबलावर आडवा झाला. पूर्ण जागा, फक्त मनगट बधिर केलेलं. कॅथेटर घालून पास्को त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. काचेच्या अलीकडे, यंत्राच्या कळांपाशी लिओनी. त्यांनी ठरवलं होतं की सावली उलटी दिसली तर क्लेमला घरी सोडायचं नाही, लागेल तितके दिवस इथेच, मॉनिटरखाली. लिओनीनं त्याच्यासाठी पायजमे आणि दाढीचं सामानही आणलं होतं, पिशवी पायाशी होती. कित्येक दिवसांनी तिला वाटत होतं की आपल्या हातात काहीतरी आहे.

"आत पोचले," पास्को म्हणाल्या. "दिवा लाव."

चित्र आलं. राखाडी पट्टी बाहेरच्या अंगाला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा शेरा.

"पट्टी काढ."

लिओनीनं काढली. पाचर आत होती, रुंद, अर्धं चित्र खाऊन बसलेली. पास्को वाकून बघत राहिल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. 

"आपल्याच दिव्याचं काहीतरी असणार," त्या शेवटी म्हणाल्या. "लिओनी, दिवा बंद कर. पडदा काळा झाला की मला पटेल."

बरोबर होतं. दिवा नाही तर चित्र नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. पडदा काळा झाला की दोष यंत्राचा, आणि मग पायजम्यांची पिशवी उचलून हसत घरी जायचं. लिओनीनं मनातल्या मनात आईनं शिकवलेली प्रार्थना म्हटली आणि कळ दाबली.

दिवा विझला. पडदा काळा झाला नाही.

चित्र होतं तसंच राहिलं. मधोमध जिथे आपला दिवा होता तिथे आता एक काळं भोक होतं. क्लेमची धमनी मात्र पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसत होती, भिंतीतल्या एका जागेवरून येणाऱ्या उजेडात, जशी ती आतून कोणाला तरी रोज दिसत असेल. लिओनीनं कळ पुन्हा दाबून पाहिली. मग दिव्याची वायरच यंत्रातून उपसून काढली. वायरचं टोक हातात धरून ती उभी राहिली आणि काचेपलीकडे पास्कोंनी एक पाऊल मागे घेतलं.

मॉनिटर क्लेमचे ठोके नीट मोजत होता. त्यात काहीच बिघाड नव्हता. लिओनीला त्या क्षणी कळलं की तो शेवटपर्यंत नीटच मोजत राहील, आणि पायजम्यांची ती पिशवी कशाच्याही आड येऊ शकणार नाही. तिला रडू फुटलं, ते तिनं दाबलं.

"काय गं?" क्लेमचा आवाज आला. "सगळे मूग गिळून बसलात? लिओनी, आहेस ना तिथे?"

तिनं माईकची कळ दाबली. "आहे."

"काय दिसतंय? खरं सांग हं. मला डॉक्टरी भाषा नको."

काही नाही, सगळं साफ आहे. हे शब्द तिच्या ओठांवर आयते तयार होते. दोन महिने तिचं बोट तेच बोलत आलं होतं. ते तिनं गिळून टाकले. पण त्याऐवजी काय सांगायचं? चरबी, चुना, गाठ, जखम. आयुष्यभर गोळा केलेल्या शब्दांतला एकही लागू पडेना.

"उजेड दिसतोय, क्लेम," ती म्हणाली. "तुझ्या आत उजेड आहे."

क्लेम मोठ्यानं हसला. "उजेड? माझ्यात? अगं, मास्तरांना पत्र टाक, शाळेत दहा वर्षं शोधत होते ते!" त्याची छाती गदगदा हलली, टेबल हललं, पास्कोंनी घाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लिओनी पडद्याकडे बघत होती. क्लेमच्या हसण्यानं धमनीची भिंत हलली. तार हलली, आणि तारेची सावलीही. उजेड मात्र जागच्या जागी होता, क्लेमच्या अंगाशी त्याचं काही नातंच नसल्यासारखा.